वज्र घडविणारी सावित्री

ज्येष्ठी पौर्णिमेच्या दिवशी आपल्या भालकीत व आसपासच्या गावांत मराठी घरांतील सुवासिनी वडाला सूत गुंडाळतात, वाण देतात आणि सत्यवान-सावित्रीची कथा ऐकतात. कथा सर्वांना पाठ असते, तरी ती दर वर्षी ऐकावयाची असते. यमधर्म सत्यवानाचे प्राण घेऊन निघाला, सावित्री त्याच्या मागोमाग चालत राहिली, आणि आपल्या वाणीच्या व निश्चयाच्या बळावर तिने पती परत मिळविला. या अंकात आम्ही ज्या सावित्रीचे चरित्र सभासद कुटुंबांपुढे ठेवीत आहोत, तिचे हे नाव जन्माचे नव्हते. जन्म दूरच्या देशातला, धर्म निराळा, भाषा निराळी. सावित्री हे नाव तिने विवाहाच्या वेळी घेतले. तिला यमाने पती परत दिला नाही. वीस वर्षांचा संसार झाला आणि त्यानंतर अडतीस वर्षांचे वैधव्य तिच्या वाट्याला आले. त्या अडतीस वर्षांत तिने काय केले, हे सांगावे म्हणून हा लेख आम्ही लिहीत आहोत. कारण तिने घडविलेली शौर्यपदके सर्व भारताला ठाऊक आहेत, पण पदकांमागची बाई फारशी कोणास ठाऊक नाही, आणि तिच्या यजमानांचे नाव तर त्याहूनही थोड्यांच्या कानी गेले आहे.

ही बाई म्हणजे मेजर जनरल विक्रम रामजी खानोलकर यांच्या सहधर्मचारिणी सावित्रीबाई खानोलकर.

त्यांचा जन्म २० जुलै १९१३ रोजी स्वित्झर्लंडातील न्यूशातेल या गावी झाला. माहेरचे नाव ईव्ह इव्हॉन मादे द मारो. वडील हंगेरियन, जिनिव्हा विद्यापीठात समाजशास्त्राचे अध्यापक, आई रशियन. घरात विद्येचे वातावरण, आणि गाव जिनिव्हा. या गावाविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. १८५९ साली इटलीत सोल्फेरिनो येथे मोठी लढाई झाली. जखमी शिपाई रणावर पाण्यावाचून तळमळत पडलेले आंरी द्युनां नावाच्या एका जिनिव्हाकर गृहस्थाने पाहिले, आणि त्या दर्शनातून १८६३ साली जिनिव्हा येथे रेड क्रॉस या संस्थेची स्थापना झाली. पुढे पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाचे ठाणेही याच गावी आले, आणि ईव्हचे वडील तेथील ग्रंथालयाशी संबंधित होते. जखमी शिपायाची शुश्रूषा आणि राष्ट्राराष्ट्रांतील शांतता या दोन गोष्टींचा जेथे रोज उच्चार होई, अशा गावी ही मुलगी वाढली. पुढे तिने एका शिपाईगड्याशी विवाह केला आणि आयुष्याचा उत्तरार्ध शिपायांच्या कुटुंबांत घालविला. या दोन्ही गोष्टींना गावचे वळण कारण झाले असावे असे आम्हांस वाटते, अर्थात हा केवळ आमचा तर्क आहे. पुस्तकांतून हिंदुस्थानाविषयी वाचून तिच्या मनात या देशाची ओढ लहानपणीच उत्पन्न झाली होती.

१९२९ साली, तिच्या सोळाव्या वर्षी, तिची व विक्रम खानोलकर यांची भेट झाली. विक्रमराव त्या वेळी इंग्लंडात सँडहर्स्ट येथील लष्करी विद्यालयात शिकत होते आणि सुटीत आल्प्सच्या डोंगराळ भागात आले होते. खानोलकर हे आडनाव वेंगुर्ल्यानजीकच्या खानोली गावाचे. त्या काळी हिंदी तरुणाला सँडहर्स्टमध्ये प्रवेश मिळणे किती दुर्घट होते, हे आजच्या वाचकाला सांगावयास हवे. १९१८ पासून सबंध हिंदुस्थानातून वर्षाला अवघ्या दहा जागा हिंदी मुलांसाठी ठेवलेल्या असत. डेहराडूनचे विद्यालय निघाले ते १९३२ साली. तेव्हा एखादा मराठी मुलगा तेथवर पोहोचला, तर तो काही सामान्य मुलगा नव्हे.

दोघांची मने जुळली. मुलीचे वडील मात्र राजी नव्हते. पोर सोळा वर्षांची, वर परदेशस्थ, परधर्मी, पेशाने सैनिक, आणि देश समुद्रापलीकडचा. कोणत्या बापाने होकार दिला असता? आपल्या गावी लेक बिदराहून पलीकडे द्यावयाची म्हटली तरी घरात चार दिवस विचार चालतो. मुलगी मात्र ठाम राहिली. काही वर्षांनी ती एकटी हिंदुस्थानात आली आणि १९३२ साली लखनौ येथे दोघांचा विवाह झाला. हिंदू धर्म स्वीकारून तिने सावित्री हे नाव धारण केले. विक्रमराव तेव्हा शीख पलटणीत अधिकारी होते.

येथे क्षणभर थांबावेसे वाटते. गोरी बायको असलेल्या हिंदी अधिकाऱ्याला त्या काळच्या छावणीत दोन वाटा मोकळ्या होत्या. घरी मडमेचा थाट ठेवून साहेबांच्या पंगतीत शिरावयाचे, ही सोपी वाट. दुसरी वाट बायकोने धरावयाची होती, नवऱ्याने नव्हे. सावित्रीबाईंनी ती धरली. त्यांनी साडी नेसण्यास आरंभ केला, मांसाहार सोडला, मराठी, हिंदी व संस्कृत या तिन्ही भाषा शिकल्या. आपण सीमेवरचे लोक आहोत. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि जुन्या कचेरीची उर्दू अशा तीन भाषा आपल्या जिभेवर सहज खेळतात, म्हणून भाषा शिकणे ही आपणांस मोठीशी गोष्ट वाटत नाही. पण आपण त्या भाषा कानांनी शिकलो. या बाईंनी फ्रेंच बोलणाऱ्या मुलखातून येऊन उपनिषदे मुळातून वाचता यावीत म्हणून संस्कृत शिकले, ही गोष्ट निराळी. विक्रमरावांची बदली पाटण्यास झाली तेव्हा तेथील विद्यापीठात त्यांनी संस्कृत नाट्य, वेदान्त व हिंदू धर्म यांचा रीतसर अभ्यास केला. चित्रकला होतीच, शिवाय भारतीय संगीत व नृत्य यांचे पाठ घेतले, आणि नृत्यात त्यांना उदय शंकर यांच्यासारखा गुरू लाभला. रामकृष्ण संघाच्या स्वामींचा सहवासही त्यांना घडला, आणि पुढे त्याच संघाने त्यांना आसरा दिला. कोणी त्यांना परदेशी म्हटले की त्यांना ते रुचत नसे. आपला आत्मा हिंदूच आहे, जन्म मात्र चुकून युरोपात झाला, असे त्या सांगत, अशी आठवण त्यांच्या परिचितांनी नमूद केली आहे.

विक्रमरावांच्या बाजूनेही एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. सैनिकाचा संसार म्हणजे पाठीवरचे बिऱ्हाड. आज एक छावणी, उद्या दुसरी. अशा संसारात बायकोने विद्यापीठात जावे, नृत्य शिकावे, मठात जाऊन बसावे, याला नवऱ्याचे मन मोठे लागते. त्या पिढीतील किती पदवीधर नवऱ्यांनी हे चालू दिले असते, याविषयी आम्ही काही न लिहिणे बरे. या दांपत्याला दोन कन्या झाल्या. विक्रमराव चढत चढत मेजर जनरलच्या पदापर्यंत पोहोचले.

१९४७ साली स्वातंत्र्य आले आणि त्याच्या पाठोपाठ फाळणीचे हाल आले. पंजाबातून निर्वासितांचे लोंढे येऊ लागले. सावित्रीबाईंनी या निर्वासितांत काम केले. आणि याच सुमारास त्यांच्याकडे एक असे काम आले की ज्यामुळे त्यांचे नाव भारताच्या इतिहासात राहावे.

इंग्रजांच्या अमदानीत रणांगणावरील सर्वोच्च पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस हे पदक देत असत. स्वतंत्र देशाच्या शिपायाच्या छातीवर राणीच्या नावाचा क्रूस कसा शोभावा? नवी पदके करावयाची ठरली, आणि ते काम मेजर जनरल हिरालाल अटल यांच्याकडे सोपविण्यात आले. अटल हे सैन्याचे पहिले हिंदी ॲडजुटंट जनरल. त्यांनी आराखड्यासाठी सहकाऱ्याची पत्नी असलेल्या सावित्रीबाईंना विचारले. त्यांचा पुराणांचा व्यासंग अटल यांना माहीत होता. हिंदी पदकाचे चित्र काढावयास स्वित्झर्लंडात जन्मलेली बाई निवडावी, हे ऐकताना विचित्र वाटते. पण पुराणे जवळ जाऊन वाचलेले माणूस हवे होते, आणि ते अटल यांना आपल्या ओळखीतच सापडले.

सावित्रीबाईंनी दधीची ऋषींची कथा घेतली. आपल्या वाचकांनी ही कथा भागवताच्या सहाव्या स्कंधात ऐकली असेल. वृत्रासुराने देवांना जिंकले. कोणतेही शस्त्र त्याला लागेना. तेव्हा दधीचींच्या अस्थींचे वज्र करावे तरच तो मरेल, असे भगवंताने सांगितले. देव ऋषींकडे गेले. जिवंत माणसाकडे त्याची हाडे मागावयाची! दधीचींनी क्षणभर देवांची थट्टा केली, देहाची ममता कोणाला नसते हे त्यांना ऐकविले, आणि मग योगबळाने देह ठेवला. विश्वकर्म्याने त्या अस्थींचे वज्र घडविले, ते इंद्राने हाती घेतले आणि वृत्र पडला. परमवीरचक्रावर मध्यभागी राजमुद्रा असून तिच्या चहूबाजूंस इंद्राच्या वज्राच्या चार आकृती आहेत. मागील बाजूस हिंदीत व इंग्रजीत परमवीरचक्र हे नाव आणि कमळे आहेत. पदक साध्या कांस्याचे, व्यास सुमारे ३५ मिलिमीटर. फीत जांभळी, तिच्यावर दुसरा कोणताही रंग नाही. सोने नाही, रत्न नाही. देणाऱ्याने आपला देह दिला, त्याला सोन्याने काय भर घालावयाची, असा विचार त्यामागे असेल तर तो आम्हांस मान्य आहे.

परमवीरचक्राबरोबर महावीरचक्र व वीरचक्र हीही त्यांनीच आखली. ही दोन्ही रुप्याची, पंचकोनी तारकेची. महावीरचक्राची फीत अर्धी पांढरी व अर्धी भगवी, वीरचक्राची अर्धी गडद निळी व अर्धी भगवी. ही तीन पदके २६ जानेवारी १९५० रोजी स्थापन झाली आणि १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू करण्यात आली. शत्रूच्या समोरासमोर नसलेल्या प्रसंगातील शौर्यासाठी ४ जानेवारी १९५२ रोजी अशोकचक्र तीन वर्गांत सुरू झाले. त्याची आकृतीही त्यांचीच. १९६७ साली यांतील दुसऱ्या व तिसऱ्या वर्गास कीर्तिचक्र व शौर्यचक्र ही नावे मिळाली. १९४७ च्या सामान्य सेवा पदकावर त्यांनी भवानी तलवार काढली. तुळजापूरच्या वाटेवर राहणाऱ्या आम्हांला ही गोष्ट वाचून विशेष आनंद झाला, हे येथे लपवीत नाही.

पहिले परमवीरचक्र कोणाला मिळाले? चौथ्या कुमाऊं पलटणीचे मेजर सोमनाथ शर्मा यांना. ३ नोव्हेंबर १९४७ रोजी काश्मिरात बडगाम येथे ते आपल्या तुकडीसह शेकडो टोळीवाल्यांसमोर उभे राहिले. त्यांचा डावा हात प्लास्टरमध्ये होता. तशा हाताने ते शिपायांच्या बंदुकांत काडतुसे भरून देत होते. जवळच्या दारूगोळ्यावर तोफगोळा पडून ते गेले, पण तोपर्यंत जो वेळ मिळाला त्यात श्रीनगरचा विमानतळ वाचला. सोमनाथ हे सावित्रीबाईंच्या थोरल्या जावयांचे बंधू. आपण कागदावर काढलेले वज्र आपल्याच व्याह्यांच्या घरी जाईल, असे कोणाला स्वप्नात तरी आले असते काय? आणखी एक गोष्ट आपल्या भागातील लोकांसाठी. कुमाऊं पलटणीचे पूर्वीचे नाव हैदराबाद रेजिमेंट असे होते. ते १९४५ साली बदलले, आणि सोमनाथांची नेमणूक १९४२ साली याच हैदराबाद रेजिमेंटमध्ये झाली होती. शिपाई बहुतेक उत्तरेकडचे, पण पलटणीचे मूळ निजामाच्या जुन्या फौजेत.

त्या दिवसांत आपला भाग निजामाच्या राज्यात होता. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले. मुख्य दळ सोलापूरकडून नळदुर्ग, उमरगा, राजेश्वर, हुमनाबाद या मार्गाने पुढे सरकले. राजेश्वर व हुमनाबाद आपल्याला किती जवळ आहेत हे सांगावयास नको; ज्यांच्या घरातील वडीलधाऱ्यांनी त्या गाड्यांचा आवाज ऐकला होता अशी कुटुंबे आपल्या सभासदांत असतील. त्या काळी, आधी रझाकारांच्या हातून आणि मागाहून सुडापोटी, निरपराध माणसांनी या जिल्ह्यांत फार सोसले. तो विषय या लेखाचा नाही, पण त्याचा उल्लेखही न करता पुढे जाणे बरोबर नव्हे. पहिल्याच दिवशी पहाटे नळदुर्गपाशी शीख रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीचे हवालदार बचित्तर सिंग यांनी वाट अडवून शत्रूच्या गाड्या धरल्या. पुढे एका मशिनगनच्या ठाण्यावर चालून जाताना मांडीत गोळ्या घुसल्या, तरी सरपटत जाऊन त्यांनी दोन हातबाँब टाकले आणि ते ठाणे शांत केले. तेथेच त्यांना वीरमरण आले. १९५२ साली त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. ती कारवाई परराष्ट्राशी युद्ध नसून पोलीस कारवाई मानली गेली होती, म्हणून परमवीरचक्र नव्हे, अशोकचक्र. नळदुर्गचा किल्ला पाहावयास जाणाऱ्या आपल्या मंडळींनी हे ध्यानी ठेवावे, की त्या रस्त्यावर शीख रेजिमेंटच्या एका हवालदाराने जे पदक मिळविले, ते त्याच रेजिमेंटच्या एका मराठी अधिकाऱ्याच्या पत्नीने आखले होते.

परमवीरचक्राच्या मानकऱ्यांत आपल्या कर्नाटकात जन्मलेले रामा राघोबा राणे हेही आहेत. कारवारकडील चेंडिया हे त्यांचे गाव, आणि पलटण बाँबे इंजिनिअर्सची. एप्रिल १९४८ मध्ये नौशेऱ्याहून राजौरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील सुरुंग व अडथळे त्यांनी गोळीबारात सलग तीन-चार दिवस दूर केले आणि रणगाड्यांना वाट करून दिली. ते जिवंत परतले. पदक छातीवर लावून पुण्यास राहिले आणि १९९४ साली वारले.

पण आम्हांस या चरित्रात सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट पदकावर कोरलेली नाही. दधीचींनी अस्थी दिल्या, ही कथा सर्वांना माहीत आहे. शिवपुराणात तिचा पुढचा भाग येतो. दधीचींची पत्नी सुवर्चा त्या वेळी आश्रमात नव्हती. ती परत आली तेव्हा पती नाही, आणि देव आपले काम साधून निघून गेलेले. तिला संताप आला; तिने देवांना शाप दिला. चितेवर चढावयास निघाली तेव्हा आकाशवाणीने सांगितले, की तुझ्या उदरात पतीचे तेज आहे. मग पिंपळाच्या मुळाशी पिप्पलाद जन्मला. कीर्तनकार दधीचींपाशी टाळ्या घेतात. सुवर्चेपाशी फारसे कोणी थांबत नाही. विचार केला तर प्रत्येक लढाईनंतर गावोगाव एक सुवर्चा आणि एक पिप्पलाद मागे राहतात. गौरवपत्र येते, तोफांची सलामी होते, पुढारी येऊन जातात, आणि तेराव्या दिवसानंतर त्या घरी कोण येते? सासरचे म्हणतात निवृत्तिवेतन कोणाच्या नावे, माहेरचे म्हणतात पोरगी घेऊन जातो. आमच्या भागातही अशी घरे आहेत, हे वाचकांना ठाऊक आहे.

१९५२ साली सावित्रीबाई स्वतः सुवर्चेच्या जागी आल्या. विक्रमराव वारले. विवाहाला वीस वर्षे झाली होती. बाईंचे वय एकोणचाळीस. अशोकचक्राची स्थापना त्याच वर्षीच्या आरंभी झालेली. युरोपात परत जावयास त्यांना कोणी अडविले नसते. माहेरचा देश, माहेरची भाषा, शांत गाव, सर्व तेथे होते. त्या गेल्या नाहीत. त्यांनी रामकृष्ण मठाचा आश्रय घेतला. ज्या संघाची स्थापना स्वामी विवेकानंदांनी १ मे १८९७ रोजी जीवाची शिवभावाने सेवा करण्यासाठी केली, त्या संघात बंधुभाव हा उपदेशाचा विषय नसून रोजच्या दिनक्रमाचा भाग असतो. दवाखाना, शाळा, पुरातील मदत ही तेथील पूजाच. अशा ठिकाणी सावित्रीबाईंचे मन स्थिरावले. आणि त्यांनी पूर्वीपासून चालविलेले काम पुढे चालविले: रणात पडलेल्या सैनिकांच्या कुटुंबांत जाणे, फाळणीने उखडलेल्या लोकांस आधार देणे. या कामाचे आकडे कोठे छापलेले आम्हांस आढळले नाहीत, आणि ते नसावेत हेच स्वाभाविक आहे. कोणाच्या घरी किती वेळा गेलो याची नोंद ठेवणारा माणूस दुसऱ्यांदा जात नाही.

या काळात त्यांचे लेखनही चालू होते. महाराष्ट्रातील संतांवर त्यांनी इंग्रजीत एक ग्रंथ लिहिला. तो भारतीय विद्या भवनाने प्रसिद्ध केला. संस्कृत नावांचा एक कोशही त्यांनी केला. दामाजीपंतांनी बेदरच्या बादशहाची कोठारे दुष्काळात लुटविली, ही कथा ज्या मुलखात घडली तेथे आपण राहतो, माणिकप्रभूंचे माणिकनगर आपल्याला एका दिवसाच्या वाटेत, गाणगापूर जवळ. संत म्हटले की आपल्याला ते घरचे वाटतात, म्हणून त्यांचे चरित्र वाचावयाचे राहून जाते. परमुलखातून आलेल्या बाईंना ते घरचे करून घ्यावे लागले, आणि मग त्यांनी ते जगापुढे ठेवले. त्यांनी पदकासाठी दधीची निवडले आणि ग्रंथासाठी संत निवडले, यात आम्हांस एकच सूत्र दिसते. दोन्ही ठिकाणी दुसऱ्यासाठी देह झिजविणारेच त्यांच्या नजरेस भरले.

आरंभी आम्ही सत्यवानाचा उल्लेख केला. परमवीरचक्राच्या इतिहासात एक गोष्ट अगदी त्याच कथेसारखी घडली आहे, ती येथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. २० ऑक्टोबर १९६२ रोजी लडाखमध्ये सिरिजाप येथे आठव्या गुरखा रायफल्सचे मेजर धनसिंग थापा यांच्या चौकीवर चिनी सैन्याचा मारा झाला. चौकी पडली. मेजर गेले असे समजून त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र जाहीर झाले, घरी उत्तरक्रिया झाली, पत्नीने वैधव्याची वस्त्रे घेतली. आणि पुढे कळले, की ते चीनच्या कैदेत जिवंत आहेत. १९६३ साली ते परत आले. क्रियाकर्म झालेल्या पतीशी संसार कसा करावयाचा हा प्रश्न पडला, तेव्हा पुरोहितांनी दोघांचा पुन्हा विवाह लाविला असे सांगतात. सावित्रीबाईंनी आखलेल्या पदकाचा एक मानकरी यमाच्या दारातून परत आला, हे वृत्त त्यांनाही कळले असेलच. त्यांना काय वाटले असेल, हे कोण जाणे.

२६ नोव्हेंबर १९९० रोजी सावित्रीबाई वयाच्या सत्याहत्तराव्या वर्षी निवर्तल्या. त्या दिवसापर्यंत परमवीरचक्र सतरा जणांना मिळाले होते. १९९९ साली कारगिलचे युद्ध झाले व आणखी चार पदके दिली गेली. आज एकूण संख्या एकवीस असून त्यांपैकी चौदा मरणोत्तर आहेत. २०२३ साली अंदमानातील एकवीस बेटांना या एकवीस वीरांची नावे देण्यात आली. कारगिलच्या चौघांपैकी रायफलमन संजय कुमार व ग्रेनेडियर योगेंद्र सिंग यादव हे दोघे परत आले. कॅप्टन मनोजकुमार पांडे व कॅप्टन विक्रम बत्रा परत आले नाहीत. दोघेही अविवाहित होते. २६ जानेवारी २००० रोजी दिल्लीस त्यांची पदके त्यांच्या वडिलांनी स्वीकारली.